शिवकन्येचं पुढं काय झालं

पाटोदा
६ जानेवारी २०२५

प्रिय उत्तरेश्वर,

बजरंगचा नमस्कार, आणि सोबत पोटदुखी. पोटदुखी आधीच लिहून टाकली ते बरं. नाहीतर चार ओळी अभिनंदनाच्या लिहून झाल्या असत्या आणि ती खाली कुठंतरी निसटलीच असती.

काल बाजाराला गेलो तर बसस्टँडसमोर तुझ्या पिक्चरचं पोस्टर. 'झुंजार माय'. खाली बारीक अक्षरात 'कथा : उत्तरेश्वर'. अक्षर इतकं बारीक की मी चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचलं. तिथंच उभ्या असलेल्या दोघांना सांगितलंही, की हा माझा दोस्त, एका घोंगडीवर निजलोय आम्ही. ते म्हणाले, मग तुमी कावून न्हाई लिवलं? मी तिथून पाय काढला. घरी आलो तर तुझ्या वहिनीनं, वर्षाराणीनं, पेपरातला तुझा फोटो कापून कपाटाच्या आरशावर चिकटवलेला. आता रोज सकाळी भांग पाडताना मला आधी तू दिसतोस.

पोस्टात नोकरी करून मित्राला व्हॉट्सॲप करणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. शिवाय फोनवर मी चिडलो की तू हसतोस. म्हणून कागदावर विचारतो. 'बांधावरची झोळी' ही गोष्ट कुणाची? तू म्हणशील, माझी. नऊ वर्षांपूर्वी दिवाळी अंकात छापली, बक्षीस मिळालं, आता पिक्चर निघाला. पण अरे, ती आधी माझ्या आईची. तुझेमाझे आईबाप एकाच टोळीत ऊस तोडायला जायचे आणि आपण दोघं शाळेसाठी माझ्या आजीपाशी राहायचो. त्या उन्हाळ्यात सगळे परत आले आणि माझी बहीण शिवकन्या तेवढी आली नाही. दीड वर्षाची होती. आईनं अंगणात बसून सांगितलं, तेव्हा तू माझ्या शेजारी होतास. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तिला निजवलं होतं. तोडून रिकाम्या झालेल्या फडातल्या पाचटाला रानमालकाच्या गड्यानं काडी लावली, आणि वारं फिरलं. आई मोळ्या घेऊन गाडीकडं गेली होती. तिनं हे एकदाच सांगितलं. परत कधीच नाही.

मी ते लिहीन लिहीन म्हणत राहिलो आणि तू लिहून मोकळा झालास. आयत्या बिळावर नागोबा म्हटलं तर तुला राग येतो, म्हणून म्हणत नाही. पण गाव बदललंस, नवऱ्याचं नाव बदललंस, मुकादमाची जातसुद्धा बदललीस, आणि शिवकन्या हे नाव मात्र तसंच ठेवलंस. आणि काडी? काडी तू आईच्या हातात दिलीस. मुकादमाच्या हुकमावरून आईच पाचट पेटवते, आणि कुणीतरी लेकराला त्याच बांधावर आणून निजवलंय हे तिला ठाऊक नसतं. वाचून लोकांच्या काळजाचं पाणी झालं म्हणे. माझ्या आईला वाचता येत नाही, एवढं तुझं नशीब.

बाकी सगळं ठीक. पिक्चर चालो. खरं सांगतो, फार चालू नये असंही वाटतं.

तुझा
बजरंग


पुणे
१४ जानेवारी २०२५

प्रिय बजरंग,

संक्रांतीचा तिळगूळ या पत्रातच घे, कारण गोड बोलणं तुझ्याच्यानं होणार नाही.

तुझं पत्र कॉलेजात, दोन तासांच्या मधे वाचलं आणि पुढचा तास मला नीट घेता आला नाही. गोष्ट कुणाची, म्हणून विचारतोस. अरे, विमलमावशींनी सांगितली ती घटना होती. घटना गावात शंभर घडतात. त्यातली एक उचलून तिच्यापाशी वर्षानुवर्षं बसावं लागतं, तेव्हा तिची कथा होते. तू बसला नाहीस. मी तुला कितीदा म्हणालो, लिही, लिही. तू म्हणायचास, आई आहे तोवर नको. मी थांबलो होतो का तुझ्यासाठी? हो, थांबलो होतो. किती थांबायचं?

आणि शेवटाचं म्हणशील तर तोच माझा आहे. बाकी सगळं मावशींचं धरून चाल. गड्यानं काडी लावली, हा अपघात झाला. आईनंच लावली, तेव्हा ती कथा झाली. अजून लोक फोन करतात आणि विचारतात, असा भयंकर शेवट सुचला कसा. दिग्दर्शकानं माझ्या घरी बसून, चहा पीत शब्द दिलाय की शेवटाला हात लावणार नाही. 'सर, शेवटासाठीच तर घेतली कथा,' असं म्हणाला. मी अजून पिक्चर पाहिलेला नाही. दाखवतो दाखवतो म्हणतात. गडबडीत असतील.

नावाचं मात्र तुझं खरं आहे. दुसरी दहा नावं लिहून पाहिली, एकही चिकटलं नाही.

मावशींची तब्येत कशी आहे? त्यांच्या हातची ठेचा-भाकरी डोळ्यांपुढं येते.

तुझा
उत्तरेश्वर


पाटोदा
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय उत्तरेश्वर,

शनिवारी बीडला गेलो. एसटीनं, एकटाच. घरी सांगितलं, पोस्टाच्या कामाला जातोय. तिकीट काढताना मनात एकच. पिक्चर चांगला निघाला तर काय, ही भीती. तसा तो निघाला असता तर मी तुझ्याशी आयुष्यात परत बोललो असतो की नाही, देव जाणे.

उत्तरेश्वर, पिक्चर भिकार आहे!

किती बरं वाटलं म्हणून सांगू. आतून मोकळा मोकळा झालो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नायिका ऊस तोडायला येते तिची नखं रंगवलेली. कोयता असा धरते जसं आरतीचं ताट. नवरा पैलवान आहे, तो मुकादमाच्या बारा माणसांना एकटा उसाच्या कांड्यानं झोडपतो. पहाटेच्या थंडीत टोळी फडात उतरते आणि लगेच गाणं. चाळीस बायका एकसारख्या हिरव्या लुगड्यांत, जणू शाळेचं गॅदरिंग. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा मला म्हणाला, 'ह्या कुठल्या कारखान्यावर जात्यात बे? आमाला बी तितंच न्या.' मी इतका हसलो की पुढच्यानं मागं वळून पाहिलं.

आणि तुझा शेवट! ज्याला हात लावणार नव्हते तो! आग लागते. काडी खलनायक मुकादम लावतो. माय ओलं पोतं पांघरून आत शिरते, धूरच धूर, देवीचा गोंधळ चालू, आणि मग त्या धुरातून दीड वर्षाची पोरगी स्वतःच्या पायानं चालत बाहेर येते. डोक्याला लाल रिबीन. रिबीनसुद्धा करपलेली नाही! माय ओरडते, 'आली गं माझी शिवकन्या!' लोक टाळ्या वाजवतात. संपलं.

बाहेर आलो आणि स्टँडवर पाव किलो पेढे घेतले. वर्षाराणीनं विचारलं, कशाचे? म्हटलं, उत्तरेश्वरच्या पिक्चरचे. तिला वाटलं, मी सुधारलो.

तुला वाईट वाटत असेल. मला नाही वाटत.

तुझा
बजरंग


पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

बजरंग,

तुझं पत्र येण्याआधीच मी पाहिला होता. मला खास खेळाला बोलावलं होतं. पुढच्या रांगेत बसवलं, आणि ती लाल रिबीन धुरातून बाहेर आली तेव्हा माझ्या बाजूला बसलेल्या निर्मात्यानं माझा हात धरून दाबला. घरी आल्यावर जेवलो नाही.

तू हसलास. हरकत नाही, तुझा तो हक्क आहे असं समजू. पण एक ऐक. त्या माणसानं माझ्या कथेचा जीव घेतला. नऊ वर्षं मी ज्या एका पानावर जगलो ते पान त्यानं फाडून टाकलं, आणि वर थिएटरं भरलेली. मला परवा शिपाई म्हणतो, 'सर, बायको लई रडली, दोनदा बघितला.' माझी कथा त्याच्या बायकोनं एकदाही वाचलेली नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या दिग्दर्शकाचा मला हेवा वाटतो. म्हणजे तुझा रोग मलाही लागला.

आता मी गप्प बसणार नाही. तुमच्या विठ्ठलरावांचा फोन आला होता. निवडणुका तोंडावर आहेत, त्यांना फोटो हवाय. दोन मार्चला पाटोद्याला मंगल कार्यालयात माझा भूमिपुत्र म्हणून सत्कार ठेवलाय. मी हो म्हणालो. शाल घेईन, नारळ घेईन, आणि मग माइकसमोर उभा राहून माझ्या कथेचं शेवटचं पान वाचीन. मूळ पान. काडी कुणी लावली ते आपल्या माणसांना कळू दे. पेपरवाले येणार आहेत.

तू पुढं बस. तुला कथा पाठ आहे, मला माहीत आहे. मी अडखळलो तर सांग.

उत्तरेश्वर


पाटोदा
१७ फेब्रुवारी २०२५

उत्तरेश्वर,

वाच. जरूर वाच. मी पुढंच बसतो, आणि माझ्या शेजारी आईला बसवतो.

तू विसरलास वाटतं, की पाटोद्यात मंगल कार्यालय आहे तशी विमलबाई पण आहे. 'आपल्या माणसांना कळू दे' म्हणतोस. तीच पहिली आपली माणूस. तुझी माय तुळजाबाई गेली तेव्हा तुला हिनं जेवू घातलं. तिच्यासमोर उभा राहून वाच, की माईनं काडी ओढली, ती वाऱ्यानं विझली, मग तिनं दुसरी ओढली. ते दुसऱ्या काडीचं वाक्य फार गाजलं ना? तेच तिला ऐकव. मग बघू ती काय म्हणते आणि तुझे पेपरवाले काय छापतात.

त्याआधी येत्या रविवारी तिला बीडला नेऊन पिक्चरही दाखवणार आहे. शिवकन्या हे नाव पडद्यावरून ऐकू दे. कुणी कुठून उचललं ते तिला आधी कळावं.

वर्षाराणी म्हणते, तुमचं डोकं फिरलंय. नऊ वर्षं फिरलेलं आहे, हिला आज दिसलं.

बजरंग


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

आण. मावशींना जरूर आण. कुणी पुढं बसलंय म्हणून मी कथेचा शेवट बदलत नसतो. ते काम दुसऱ्यानं केलंच आहे.

उ.


पाटोदा
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय उत्तरेश्वर,

हे पत्र स्पीडपोस्टानं पाठवतोय. दोन तारखेच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

काल आईला नेलं. सोबत शेजारची छबुबाई. दोघी वर्षानुवर्षांत थिएटरात गेल्या नव्हत्या. आईनं चपला बाहेर काढल्या, मी म्हटलं, असू दे आत चालतात. गाण्याला ती हसली. पैलवानानं मारामारी केली तेव्हा छबुबाईला म्हणाली, 'ह्यो रोज एवढं मारतुय तर ऊस कवा तोडतुय?' मी मनात म्हटलं, चला, आईलाही पिक्चर आवडत नाही.

मग माय पडद्यावर ओरडली, 'शिवकन्याऽऽ!'

आईनं माझं मनगट धरलं. आग लागली तशी तिनं पदर तोंडावर ओढला आणि खाली वाकली. पूर्ण वाकली, उत्तरेश्वर, डोकं गुडघ्याला लावून. तिची पाठ हलत होती. छबुबाई माझ्याकडं बघतेय, मी छबुबाईकडं. हेच बघायला मी तिला आणली होती का? मला तेव्हा तुझा राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त ती लाल रिबीन कधी येते असं झालं होतं.

पदराआडून तिनं विचारलं, 'झालं का रं?'

मी म्हटलं, 'आई, डोळे उघड. बाहेर आली बघ.'

ती म्हणाली, 'न्हाई आली. खोटं कावून बोलतुस.'

मी तिची हनुवटी धरून मान वर केली. पोरगी चालत येत होती. आई बघत राहिली. दिवे लागले, लोक उठले, झाडूवाला आला, तरी ती उठेना. मग म्हणाली, 'रिबीन लाल हुती न्हवं?' मी म्हटलं, हो. 'मी घेतलीच न्हवती तिला रिबीन. केसच कुठं हुते तवा.'

एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, 'ह्ये उत्तरेसरनं लिवलं?' मी हो म्हणालो. काय करू, पोस्टरवर तेच आहे. तर म्हणाली, 'बघ. त्यानं माझी लेक भाईर काढली. तू सख्खा भाऊ, तुला न्हाई सुचलं.'

आता तूच सांग, माझं काय झालं असेल. अरे, बाहेर काढणारा तू नव्हेस! तू तर काडी हिच्या हातात दिलीस! जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर तुझं सगळं संपलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मांजरसुंबा येईपर्यंत मी ते गिळत होतो. तुझ्यासाठी गिळलं असं समजू नकोस.

पुण्यात तुझं नाव, पेपरात तुझं नाव, माझ्या आरशावर तुझा फोटो, आणि आता माझ्या आईच्या तोंडात तुझा आशीर्वाद. तोही दुसऱ्यानं केलेल्या कामाबद्दल. इतका हेवा मला तुझ्या बक्षिसाचाही वाटला नव्हता. रात्रीची भाकर गोड लागली नाही.

आज सकाळपासून ती एकच विचारतेय, 'शिवकन्येचं पुढं काय झालं?' वर्षाराणीला विचारलं, छबुबाईला विचारलं. मला भीती वाटते, तिच्या डोक्यावर काही परिणाम तर झाला नसेल? ती दोन तारखेला येणारच म्हणतेय. नवं लुगडं काढून ठेवलंय. तुलाच विचारायचं म्हणते.

मागच्या पत्रात वाच म्हणालो होतो. आता सांगतो, वाचू नकोस. पाया पडून सांगतो असं लिहिणार होतो, पण तेवढं नाही लिहिणार.

बजरंग


पुणे
५ मार्च २०२५

प्रिय बजरंग,

तुझं पत्र मला सत्काराच्या आधीच मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण माझंच ठरलं नव्हतं. खोटं नाही सांगत, पाटोद्याला आलो तेव्हा ते पान माझ्या खिशात होतं आणि वाचायचं असंच मनात होतं.

तू पुढं बसणार होतास. मावशी बसल्या, छबुबाई बसल्या, तुझी खुर्ची रिकामी. वर्षाराणीवहिनी म्हणाल्या, ते बाहेर चहाच्या टपरीवर आहेत, आत यायला नको म्हणतात. म्हणून आत काय झालं ते लिहितो. वहिनींनी सांगितलं असेलच, पण माझ्या तोंडून ऐक.

विठ्ठलराव अर्धा तास बोलले. त्यातली वीस मिनिटं स्वतःवर. मग म्हणाले, 'उत्तरेश्वररावांनी काय शेवट लिहिलाय! माय असावी तर अशी!' टाळ्या. बजरंग, माझं टाळकं सरकलं. माझ्या नावावर त्या रिबिनीला टाळ्या! मी उठलो, माइक हातात घेतला, खिशातून पान काढलं, उघडलं.

मावशी समोरच होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. आपली शाळेत कविता म्हणायची पाळी आली की त्या दारातून जशा बघायच्या तशाच बघत होत्या. तू म्हणायचास आणि मी विसरायचो, आठवतं? पहिली ओळ माझ्या डोळ्यांपुढं होती. 'माईनं काडी ओढली.' मला ती वाचता येईना. मी तिथं उभा राहून पहिल्यांदा विचार केला, की ही बाई घरी जाऊन आज निजेल कशी. लिहिताना आणि नंतरच्या नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता.

मी पान घडी करून खिशात ठेवलं. म्हणालो, आपण सगळ्यांनी प्रेम केलंत, आभारी आहे. खाली बसलो. पुण्याहून आलेला पेपरवाला माझ्याकडं बघतच राहिला, त्याला मी सकाळी मोठा बॉम्ब टाकतो म्हणून सांगून ठेवलं होतं.

मग मावशी उठल्या आणि सरळ पायऱ्या चढून वर आल्या. कार्यकर्ते आडवे आले, त्यांना हातानं बाजूला केलं. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आणि विचारलं. माइक तिथंच होता, सगळ्या मंगल कार्यालयानं ऐकलं. 'उत्तरेसर, शिवकन्येचं पुढं काय झालं बाबा?'

मी लेखक म्हणवतो. मला एक वाक्य सुचलं नाही. शाळेत गेली, एवढंही नाही. माझ्या कथेत पुढं काही ठेवलेलंच नव्हतं. त्या दिग्दर्शकाचा मला पुन्हा हेवा वाटला, कारण त्याच्यापाशी निदान चालत येणारी एक पोर होती. शेवटी मी म्हणालो, 'मावशी, बजरंगला विचारा. त्याला म्हाईत हाय.' आणि त्यांनी मान हलवली, जणू हे बरोबरच आहे. भावाला माहीत नसणार तर कुणाला?

तुझ्या गळ्यात धोंड बांधून मी आलो. येताना टपरीपाशी गाडी थांबवली, तर तू पाठ फिरवून उभा होतास. मीही उतरलो नाही.

मावशींना काय सांगितलंस? सविस्तर लिही. मी खरंच वाट पाहतोय.

तुझा
उत्तरेश्वर


पाटोदा
१९ एप्रिल २०२५

प्रिय उत्तरेश्वर,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हात रिकामा नव्हता. तुझी मधली दोन पत्रंही मिळाली. सविस्तर लिही, सविस्तर लिही, असा धोशा लावलायस. तुला एवढं अधीर झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. ती पत्रं मी दोनदोनदा वाचली, चहा पीत.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं मला समोर बसवलं. आधी विचारलं, 'त्यानं खिशातून कागद काढला हुता, मग वाचला कावून न्हाई?' मी म्हटलं, चष्मा विसरला होता. ती म्हणाली, 'लहानपणापासून तसाच हाय, ध्यान नसतंय.' बघ, तुला वाचवलं. याबद्दल काही म्हणू नकोस.

मग तिनं ते विचारलं. मी भीतभीत म्हटलं, 'आई, तुला ठाऊक आहे ना, की ती...' तर माझ्यावर खेकसली. 'मला काय याड लागलंय का? मी माझ्या हातानं माती दिली तिला. तिथंच, त्या परक्या रानात. पर ती जगली असती तर कशी जगली असती, ह्ये मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. तुझा बाप तिचं नाव घ्यायचा न्हाई, तू घ्यायचा न्हाईस. उत्तरेसरनं घेतलं. आता तू पुढचं सांग.'

मला कुठं येतंय सांगायला? पण ती बसून राहिली. मी म्हटलं, उन्हाळ्यात ती तुमच्यासोबत गावाकडं आली. म्हणाली, 'कशात बसून?' म्हटलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सामानावर. म्हणाली, 'मग उलटी केली असंल. तुला बी गाडी लागायची.' म्हटलं, हो, केली, छबुबाईच्या लुगड्यावर. आणि आई हसली. तेव्हापासून रोज दुपारी जेवायला घरी आलो की चालू. वर्षाराणी स्वयंपाकघरातून ऐकते, छबुबाई भाजी निवडायचं निमित्त करून येते. मी चुकलो की आई दुरुस्त करते. मी शिवकन्येला शांत स्वभावाची केली होती, आईनं ते चालू दिलं नाही. 'माझी लेक हाय,' म्हणाली. मग मी तिला शाळेत एका पोराचं डोकं पाटीनं फोडायला लावलं, तेव्हा कुठं समाधान झालं. दुसऱ्या वर्षी टोळी निघाली तेव्हा ती गेली नाही, आपल्यासोबत आजीपाशी राहिली. घोंगडीवर आपण तिघं. तिच्यामुळं तुला कडेला निजावं लागायचं आणि तू कुरकुर करायचास. हो, तू पण आहेस त्यात. आईनंच घातलं तुला. मी काढणार होतो.

नारायणगडाच्या जत्रेत ती एकदा चुकली होती. त्या दिवशी आई जेवायचीच थांबली. मला वाटलं, इथं फार झालं, चटकन सापडवावी. पण आईनंच सांगितलं, की ती रडत नव्हती, एका म्हातारीपाशी बसून तिचेच फुटाणे खात होती.

तू लिहिलंयस, 'हे तू लिहून काढ, नाहीतर मला सांग, मी लिहितो, दोघांच्या नावानं छापू.' वाचून मी मोठ्यानं हसलो. वर्षाराणी बघायला आली. 'मला तुझा हेवा वाटतो बे,' असंही तुझ्या हातानं लिहिलंयस. ते पत्र मी कपाटाच्या आरशावर चिकटवलंय, तुझ्या फोटोशेजारी. आता भांग पाडायला बरं वाटतं.

तरी तू मावशीचा म्हणून एवढं कळवतो. शिवकन्या आता नववीत आहे. दोन वेण्या घालते, लाल रिबिनी लावून. गणित कच्चं आहे. मी म्हटलं, दहावीनंतर लग्नाचं बघू का? आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी तो विषय तिथंच सोडला. काल आईनं पोरीला बीडला शिकायला ठेवायचं ठरवलं, आणि तिला एसटीत बसवताना गोष्टीतच मला स्टँडवर बराच वेळ उभं केलं. गाडी हलेपर्यंत सांगितल्याशिवाय मला पोस्टात परत जाऊ दिलं नाही.

यापुढचं तुला लिहिणार नाही. तू छापशील, आणि कुणीतरी त्याचा पिक्चर काढेल. ऐकायचं असेल तर सुट्टीत ये आणि दुपारी भाकरी खायला बस. आई म्हणते, उत्तरेसरला यायला सांग, पण कडेला बसव, मधली जागा शिवकन्येची आहे.

तुझा
बजरंग